एसीच्या खोलीत वाढलेली अळी आणि बदलतं हवामान

प्रश्न थोडक्यात असा: “ऑगस्टमध्ये गच्चीतल्या गवतावर एक हिरवी, डोक्यावर दोन शिंगं असलेली अळी सापडली. ती घरात वाढवली. खोलीत दिवसरात्र एसी चालू असतो. कोषातून कॉमन इव्हिनिंग ब्राऊन हे फुलपाखरू निघालं, पण बाहेर पावसाळ्यात दिसतात तसे गोल डोळे, म्हणजे डोळ्यांसारखे ठिपके, त्याच्या पंखांखाली नव्हते. थंडीत दिसतं तसं वाळक्या पानासारखं होतं. असं कसं झालं? आणि फुलपाखरांना इतक्या पटकन बदलता येत असेल, तर हवामान बदलाची त्यांना फारशी झळ बसणार नाही असं समजायचं का? शिवाय, हे फुलपाखरू आता बाहेर सोडू का?”

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: एसीनं तुमच्या अळीला फसवलं. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे आणि बरंचसं ‘नाही’कडे झुकणारं आहे. तिसऱ्याचं शेवटी देतो.

इव्हिनिंग ब्राऊनची दोन रूपं आपल्याकडे कोणालाही पाहता येतात. पावसाळ्यातलं फुलपाखरू पंख मिटून बसलं की कडेनं पिवळसर कड्यांचे, मध्ये काळे आणि त्यात पांढरा टिंब असलेले डोळे ओळीनं दिसतात. डिसेंबरातलं बसलं की दिसतच नाही. डोळे आक्रसून टिंबाएवढे झालेले असतात, पंखाचं टोक जास्त कोरलेलं असतं, रंग पाचोळ्याचा. गंमत म्हणजे कोरड्या हंगामातली दोन फुलपाखरं सहसा एकमेकांसारखी नसतात. एक तांबूस, एक राखाडी, एकावर काळपट डाग, एकावर पानाच्या शिरेसारखी रेघ. पक्ष्यानं एक हेरलं तरी दुसरं शोधायला त्याला ते कामी येऊ नये, हा त्यातला फायदा. ही दोन रूपं म्हणजे दोन जाती नव्हेत, नर-मादीही नव्हेत. एकाच मादीच्या अंड्यांतून, परिस्थितीनुसार, दोन्ही निघू शकतात. पीकॉक पॅन्सी या आपल्या नेहमीच्या फुलपाखरातही हाच प्रकार आहे.

कुठलं रूप घ्यायचं हे अळीच्या शेवटच्या दिवसांत आणि कोषाच्या सुरुवातीला ठरतं. या बाबतीत जगात सगळ्यात बारकाईनं अभ्यासलेलं फुलपाखरू म्हणजे आफ्रिकेतलं बायसायक्लस अनायनाना, आपल्याकडच्या बुशब्राऊन फुलपाखरांचं नातेवाईक. 1988 मध्ये आफ्रिकेतल्या मलावी देशातून आणलेल्या माद्यांपासून जीवशास्त्रज्ञ पॉल ब्रेकफील्ड यांनी प्रयोगशाळेत त्याची वसाहत उभी केली. तिच्या पिढ्या आजही अनेक देशांत वाढवल्या जातात. अळ्या 27 अंशांवर वाढवल्या की मोठ्या डोळ्यांची पावसाळी फुलपाखरं निघतात, 17 ते 20 अंशांवर वाढवल्या की पाचोळ्याची. मधला दुवा एक्डायसोन हे संप्रेरक. कोषाच्या पहिल्या दिवसांत ते लवकर वाढलं की डोळे मोठे होतात, उशिरा वाढलं की बारीक राहतात. तुमच्या खोलीत बावीस-एक अंश असणार. अळीच्या लेखी बाहेर थंडी पडली, पावसाळा संपला, आता गवत वाळणार, आणि त्याप्रमाणे तिनं पंख शिवून घेतले.

हे एवढ्यासाठी सविस्तर सांगतो आहे की अळीला पाऊस कळत नाही. पुढच्या महिन्यात रान हिरवं असेल की पिवळं, हे तिला माहीत असण्याचं काही कारण नाही. तिला कळतो तो आजचा गारवा. हजारो पिढ्यांत गारवा आणि कोरडेपणा एकापाठोपाठ येत राहिले म्हणून गारव्याची खूण भरवशाची ठरली. खूण आणि पुढची परिस्थिती यांची ही जोडी तुटली, की नेमकी हीच हुशारी अंगाशी येते.

किती अंगाशी येते तेही पाहून झालं आहे. पावसाळ्यात झाडोऱ्यात नाकतोड्या-मुंग्यांबरोबर प्रार्थनाकीटकांचाही सुळसुळाट असतो. पंखांच्या कडेचे मोठे डोळे त्यांचा वार अंगाऐवजी कडेवर घेतात. पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. प्रार्थनाकीटकांसमोर बायसायक्लस ठेवून केलेल्या प्रयोगांत डोळेवाली फुलपाखरं जास्त दिवस जगली आणि त्यांनी जास्त अंडी घातली. पावसाळ्यात कडा कुरतडलेली फुलपाखरं तुम्ही पाहिलीच असतील, त्यांतल्या कित्येकांनी असाच एखादा हल्ला पचवलेला असतो. कोरड्या हंगामात मात्र मुख्य शत्रू पक्षी. त्यांच्यापुढे डोळे वाचवत नाहीत, उलट पाचोळ्यावर जागा दाखवतात. मलावीत कोरड्या दिवसांत दोन्ही तऱ्हेची फुलपाखरं खुणा करून सोडली, तेव्हा डोळेवाली पुन्हा कमी सापडली.

आणि हा फरक फक्त रंगाचा नाही. कोरड्या हंगामाचं फुलपाखरू आतून वेगळं असतं: अंगात चरबी जास्त, आयुष्य लांब, आणि अंडी घालण्याचं काम तहकूब. अळ्यांना खायला हिरवं गवत नसताना अंडी घालून करणार काय? नुसतं टिकून राहायचं आणि पहिला पाऊस पडला की कामाला लागायचं. बायसायक्लसमध्ये तर प्रियाराधनाची भूमिकाही उलटते. पावसाळी रूपात नर माद्यांच्या मागं लागतात, गारव्यात वाढलेल्या पिढीत माद्या नरांच्या. कारण थंडीतला नर मिलनाबरोबर जो ऐवज देतो त्यानं मादीचं आयुष्य वाढतं, आणि असा नर मग चोखंदळ होतो. तापमानातल्या दहा अंशांच्या फरकानं एवढी उलथापालथ होते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. परिस्थिती बदलली की रूप बदलतं, म्हणजे फुलपाखरं जुळवून घेतात, मग काळजी कसली?

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. एका फुलपाखरानं आयुष्यात खुणेप्रमाणे रूप घेणं वेगळं आणि पिढ्यान् पिढ्या निवड होऊन खूण वाचण्याची पद्धतच बदलणं वेगळं. पहिली गोष्ट म्हणजे लवचीकता, दुसरी म्हणजे उत्क्रांती. हवामान इतकं बदललं की जुनी खूणच खोटी ठरली, तर लवचीकता पुरत नाही, उत्क्रांतीच व्हावी लागते. आणि उत्क्रांतीला कच्चा माल लागतो: काही कुटुंबं खूण जरा वेगळ्या रीतीनं वाचणारी असली पाहिजेत, म्हणजे त्यांतली बरी निवडली जातील.

बायसायक्लसमध्ये नेमकं हेच तपासलं गेलं आणि निकाल चिंताजनक आहे. प्रयोगशाळेत मोठ्या डोळ्यांचीच फुलपाखरं निवडत गेलं तर काही पिढ्यांत सगळ्यांचेच डोळे मोठे होतात, लहान निवडली तर लहान. हे सहज जमतं. पण तापमानाला प्रतिसाद देण्याचं प्रमाण, म्हणजे गारवा वाढला की डोळे किती आक्रसावेत हा हिशेब, निवड करूनही हलत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या कुटुंबांतल्या अळ्या दोन्ही तापमानांत वाढवून त्यांच्या जनुकांचं काम तपासलं गेलं. हंगामानुसार बदलणारी जनुकं ढिगानं सापडली, पण त्या बदलण्यात कुटुंबाकुटुंबांतला फरक जवळजवळ नव्हता. सगळी एकाच पंचांगावर चालणारी. पूर्वी चुकीचं पंचांग वापरणारी मरत गेली, म्हणून आज वेगळं पंचांग वापरणारी उरलीच नाहीत. हवामान नियमित असतानाची ती शिस्त आता अडचण होऊन बसते.

म्हणून उत्क्रांती अशक्य आहे असं मी म्हणत नाही. बायसायक्लसच्या शंभराच्या आसपास जातींमध्ये, जिथं तापमानावरून पावसाचा अंदाज येत नाही अशा भागातल्या जाती दुसऱ्या खुणांवर विसंबतात. आफ्रिकेत मायोसीन या प्राचीन भूशास्त्रीय काळाच्या अखेरीस जंगल हटून सॅव्हाना, म्हणजे विरळ झाडांची गवताळ रानं, पसरली, तेव्हा या गटातली काही फुलपाखरं कोरड्या हंगामात प्रजनन थांबवायला शिकली आणि गवताळ मुलखात पसरली, तर जंगलातल्या जातींना ते आजही नीट जमत नाही. म्हणजे बदलणाऱ्या परिसरानंच हे कौशल्य घडवलं. फक्त त्याला लाखो वर्षं मिळाली होती.

आपल्याकडची खूण तशीही गुंतागुंतीची आहे. मलावीत कोरडा हंगाम म्हणजे थंड हंगाम. दख्खनमध्ये मात्र थंडी कोरडी आणि एप्रिल-मेचं ऊन त्याहून कोरडं. तरीही हे चालून जातं, कारण उन्हाळ्यात गवतच नसल्यानं अळ्या जवळपास नसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाढलेली पिढी पाचोळ्याचं रूप घेऊन जूनपर्यंत काढते. यात दोन ठिकाणी फट पडू शकते. एक, नोव्हेंबर उबदार गेला तर शेवटच्या अळ्या मोठे डोळे घेऊन बाहेर पडतील आणि पिवळ्या गवतात बसतील. दुसरी फट पाटाच्या पाण्याची आहे. इव्हिनिंग ब्राऊनच्या अळ्या भात खातात, ऊसही खातात. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या पट्ट्यात बारमाही हिरवं गवत आहे. तिथं कोरडा हंगाम नुसता पंचांगात उरला आहे. अशा ठिकाणची फुलपाखरं हिवाळ्यात प्रजनन थांबवतात की नाही, हे कुणीतरी नेटानं मोजलं पाहिजे. मला वाटतं तिथली गणितं माळरानावरच्यापेक्षा वेगळी निघतील. प्राणीशास्त्राच्या पदवीसाठी विषय शोधणाऱ्यांनी हा जरूर घ्यावा, खर्च जाळीचा आणि एसटीच्या तिकिटाचा.

पावसाचीही लय बदलते आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. फुलपाखराच्या दृष्टीनं एकूण पाऊस किती यापेक्षा तो कसा पडतो हे महत्त्वाचं. संततधारेत फुलपाखरू उडू शकत नाही, अंडी घालू शकत नाही. दक्षिण भारतातल्या डार्क ब्लू टायगर आणि डबल-ब्रँडेड क्रो या फुलपाखरांनी यावर जुना तोडगा काढला आहे: पावसाळ्याआधी सह्याद्री उतरून पूर्वेकडच्या मैदानात जायचं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतायचं. हजारोंच्या संख्येनं एकाच दिशेनं जाणारे हे थवे दिसले की वर्तमानपत्रात फोटो येतो. या स्थलांतरावर फुलपाखरांचे अभ्यासक, पुण्याचे कृष्णमेघ कुंटे यांनी तपशिलात लिहिलं आहे. या प्रवासालाही खूण लागते, आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर तीन आठवडे ओढ बसली तर त्या खुणेचं काय होतं, याची मला इव्हिनिंग ब्राऊनपेक्षा जास्त चिंता वाटते.

उत्क्रांती वेगानं होतच नाही असं मात्र नाही. ग्रेट एगफ्लाय आपल्या बागांत येतं. त्याच फुलपाखराच्या पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या माद्यांत वोल्बाकिया नावाचा जिवाणू नर गर्भ मारून टाकत असे. 2001 मध्ये तिथं शंभरात एखादाच नर होता. 2006 पर्यंत नर-मादी जवळपास बरोबरीला आले, कारण जिवाणूला दाबणारं जनुक दहा-एक पिढ्यांत पसरलं. दडपण जबरदस्त, उपाय एकाच जनुकात आणि तो उपलब्ध, म्हणून जमलं.

वेगानं झालेली उत्क्रांती फायद्याचीच असते असंही धरू नका. यासाठी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या श्नायडर्स मेडोची गोष्ट मी नेहमी सांगतो. तिथं एडिथ्स चेकरस्पॉट हे छोटं, चौकटीचौकटीचं फुलपाखरू कोलिन्सिया या स्थानिक रोपावर अंडी घालत असे. कोलिन्सिया लवकर वाळतं, कित्येक अळ्या उपाशी मरतात. मग गुराढोरांबरोबर युरोपातून प्लांटॅगोची एक जात आली, आपल्या इसबगोलाची भावंड. ही उन्हाळाभर हिरवी राहते, अळ्या तिच्यावर सुखानं वाढतात. ज्या माद्यांना ती आवडली त्यांची पिल्लावळ वाढली, आणि काही दशकांत तिथल्या सगळ्याच फुलपाखरांना फक्त तीच आवडू लागली. आवड आनुवंशिक होती, म्हणजे ही खरीखुरी, डोळ्यांदेखत झालेली उत्क्रांती. पुढं त्या कुरणात गुरं चारणं बंद झालं. गवत वाढलं, प्लांटॅगो त्याच्या सावलीत गेली. या अळ्यांना वाढायला ऊन लागतं, सावलीत त्या गारठून मागं पडल्या आणि काही वर्षांत तिथली फुलपाखरं संपली. कोलिन्सिया शेजारीच उन्हात उभी होती, पण तिच्याकडं जाणारी मादीच उरली नव्हती. काही वर्षांनी बाहेरून आलेल्या फुलपाखरांनी पुन्हा कोलिन्सियावर सुरुवात केली. मायकेल सिंगर आणि कॅमिल पार्मेसान या संशोधकांनी हे सगळं वर्षानुवर्षं मोजून 2018 मध्ये प्रसिद्ध केलं. या गोष्टीत हवामान कुठंच नाही. गुरं आली, गुरं गेली, एवढंच. चराई बंद म्हणजे निसर्ग वाचला, असं आपल्याकडे सरसकट म्हणतात, तेव्हा मला हे कुरण आठवतं.

बरीच फुलपाखरं तिसरा मार्ग घेतात: रूप बदलत नाहीत, मुक्काम बदलतात. 1999 च्या एका अभ्यासात युरोपातल्या स्थलांतर न करणाऱ्या 35 जातींपैकी जवळपास दोन तृतीयांश उत्तरेकडे सरकल्याचं दिसलं, 35 ते 240 किलोमीटर. ब्रिटनमध्ये ब्राऊन आर्गस वीस वर्षांत 79 किलोमीटर उत्तरेला गेलं. पूर्वी ते ठरावीक उबदार उतारांवरच्या एका रोपाला धरून होतं. उन्हाळे तापल्यावर सर्वत्र उगवणाऱ्या जिरॅनियमवरही त्याचं भागू लागलं, आणि वाट मोकळी झाली.

आपल्याला हा मार्ग अरुंद आहे. सह्याद्रीत वर सरकायचं म्हटलं तर महाराष्ट्राचं छत कळसूबाई, 1646 मीटर. दक्षिणेत निलगिरी-अनामुडीच्या गवताळ माथ्यांवर राहणाऱ्या निलगिरी क्लाउडेड यलोचा डोंगर तर वर संपतोच. पूर्वेला सरकावं तर पाऊस झपाट्यानं कमी होतो, आणि मध्ये महामार्ग, प्लॉटिंग, द्राक्षबागांची फवारणी.

त्यामुळं ‘फुलपाखरांचं काय होणार’ याला एक उत्तर नाही, आणि कोण टिकणार हे बऱ्याचदा अळीच्या ताटावर ठरतं. ‘टेल्ड जे’ हे फुलपाखरू मूळ जंगलातलं. सोसायट्यांनी कुंपणाला खोटा अशोक लावला आणि ते मुंबई-पुण्यात घरचं झालं. लिंबावर वाढणारं लाइम बटरफ्लाय 2004 मध्ये थेट डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आढळलं आणि तिथून कॅरिबियन बेटांवर पसरलं. प्लेन्स क्युपिडच्या अळ्या शोभेच्या सायकसची कोवळी पानं फस्त करतात, माळी वैतागतात. हळदीकुंकू फुलपाखराला आंब्यावरचं बांडगूळ पुरतं. याउलट सदर्न बर्डविंगला ईश्वरीच्या जातकुळीतल्या वेली हव्यात. त्या कोकण-गोव्याच्या ओल्या रानात. रान तुटलं की वेल गेली, वेल गेली की फुलपाखरू गेलं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबूवर्गीय झाडांवर अळ्या वाढवतं, म्हणून त्याची मला तितकी धास्ती वाटत नाही. शहरात फुलपाखरं भरपूर दिसतात म्हणून सगळं ठीक आहे असं सांगणारे लोक या पहिल्या गटाकडे पाहून बोलत असतात. आणि ‘बटरफ्लाय गार्डन’च्या नावाखाली नुसती फुलझाडं लावणारे तर अर्धंच जेवण वाढतात.

आपली खरी पंचाईत ही की जुने आकडे नाहीत. ब्रिटनमध्ये 1976 पासून ठरलेल्या वाटांवर दर आठवड्याला मोजणी होते, म्हणून ते लोक किलोमीटरमध्ये बोलू शकतात. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पेट्यांत जुने नमुने आहेत, पण नमुना जात सांगतो, संख्या नाही. तुम्हाला एवढा रस आहे तर एकदा सापडलेल्या फुलपाखराच्या फोटोपेक्षा एक वाट धरा. घराजवळची, अर्ध्या-पाऊण तासाची. आठवड्यातून एकदा, ऊन असताना, संथ चालत, दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्यातच दिसेल ते मोजायचं. मागं गेलेलं, वर उडालेलं मोजायचं नाही. इव्हिनिंग ब्राऊन दिवसा पाचोळ्यात दडून असतं, पायाखालून उडतं तेव्हाच दिसतं, म्हणून त्यासाठी संध्याकाळची एक वेगळी फेरी ठेवा. नोंद करताना ‘डोळे मोठे’, ‘डोळे बारीक’, ‘मधलं’ एवढं लिहा, आणि तारखेबरोबर गवत हिरवं की वाळलेलं तेही. जून आणि नोव्हेंबर हे दोन महिने चुकवू नका, अदलाबदल तेव्हाच होते. सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ ही फुलपाखरांच्या नोंदींची मोहीम असते, त्यात ही नोंद देता येते, पण एका महिन्याच्या उत्साहापेक्षा सलग पाच वर्षांची कंटाळवाणी वही जास्त कामाची.

आता तुमचं फुलपाखरू. सोडा, खुशाल सोडा. संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, गवत आणि पाचोळा दोन्ही असेल अशा सावलीच्या जागी. पिकून पडलेली फळं जवळ असली तर उत्तम, ते फुलांपेक्षा त्यांवरच जास्त येतं. भर पावसाळ्यात ते चुकीच्या कपड्यांत बाहेर पडतं आहे, तरी तेवढ्यानं ते लगेच मरेल असं नाही. बाहेरची ऊब मिळाली तर प्रजननही सुरू करू शकतं. पुढच्या वेळी मात्र डबा एसीच्या खोलीत नको, गॅलरीत जाळी लावून ठेवा, ऊन थेट पडू देऊ नका आणि गवत रोज ताजं द्या. आणि अळ्या दोन-तीन मिळाल्या तर एक मुद्दाम खोलीत, बाकीच्या गॅलरीत ठेवून पाहा. दोन्ही ठिकाणचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा, अळी पानाला उलटी लटकली की त्या दिवसापासून तर न चुकता.